पास्त्याचे पाणी आणि घोड्याचे मांस

गेल्या महिन्यात माझ्यावर तीन आरोप झाले. शाळा समितीतले एक सदस्य म्हणाले, की मी उर्दू शाळेतल्या मुलांना फासे टाकायला शिकवतो. एक जुना मित्र म्हणाला, की मी इंग्रजांच्या भाडोत्री शिपायांचे गोडवे गातो. आणि ज्याच्यामुळे हे सगळे सुरू झाले, त्या माझ्या भाच्याच्या पुण्यातल्या मित्रांनी निरोप पाठवला, की सर साध्या खेळात उगाच राजकारण घुसवतात. तिघांची तोंडे तीन दिशांना आहेत. उत्तर मात्र तिघांना एकच आहे, म्हणून ते एकदाच लिहून टाकतो.

आधी खेळाविषयी, कारण वाचकांपैकी बहुतेकांनी त्याचे नाव ऐकलेले नसेल.

भाचा पुण्यात इंजिनीअर आहे. दिवाळीच्या सुट्टीत मस्तगडला आला तेव्हा मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामू, ये देखो. पंधरा सौ घंटे का गेम है." मला वाटले चेष्टा करतो. चेष्टा नव्हती. खेळाचे नाव 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका'. न्यूयॉर्कच्या सिम्युलेशन्स पब्लिकेशन्स या कंपनीने तो १९७९ साली काढला. रचनाकार रिचर्ड बर्ग. विषय दुसऱ्या महायुद्धातली लिबिया आणि इजिप्तच्या वाळवंटातली मोहीम. एकीकडे ब्रिटिश साम्राज्याच्या फौजा, दुसरीकडे इटली आणि जर्मनी. टेबलावर मांडायचा पट जवळपास दहा फूट लांब, त्यावर षटकोनी घरे. पुठ्ठ्याच्या सोंगट्या दीड हजारांहून अधिक. खेळायला दोन बाजूंना मिळून दहा माणसे लागतात, आणि प्रत्येकाचे काम वेगळे: एक सरसेनापती, एक आघाडीचा, एक पिछाडीचा, एक विमानांचा आणि एक फक्त रसद सांभाळणारा. एक डाव म्हणजे एक आठवडा, आणि असे शंभराहून अधिक डाव. रोज दोन तास बसले तरी दोन वर्षे जातील.

या खेळाची खरी ख्याती त्याच्या हिशेबामुळे आहे. प्रत्येक पलटणीचे पाणी मोजायचे. पेट्रोल मोजायचे, आणि उन्हात उडून गेलेले पेट्रोल वजा करायचे. ब्रिटिशांचे पेट्रोल जर्मनांपेक्षा जास्त वाया जाते, कारण त्यांचे पत्र्याचे डबे गळके होते. हे सगळे कागदावर पेन्सिलीने लिहायचे. आणि या साऱ्या नियमांत एक नियम जगभर गाजला. इटालियन पलटणींना पास्ता उकळायला पाणी जास्त लागते, म्हणून त्यांना पाण्याचा एक गुण जास्त द्यायचा. तो मिळाला नाही तर त्या पलटणीची शिस्त ढासळते. हा नियम आपण गंमत म्हणून घातला होता, असे बर्गने पुढे सांगितले. पण लोकांनी तोच लक्षात ठेवला. भाच्याच्या मित्रमंडळीतही हसण्याचा विषय तोच.

दिवाळीनंतर शाळा उघडली. नववीच्या वर्गात एका मोकळ्या तासाला मी मुलांना हा नियम सांगितला. माझी अपेक्षा होती की हसतील. कोणी हसले नाही. ज्या घरांत २०१२-१३ च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, घाणेवाडीचा तलाव आटलेला ज्यांच्या आई-वडिलांनी पाहिला, नळाला किती दिवसांनी पाणी येणार यावर ज्यांच्या घरची धुणी ठरतात, त्या मुलांना पाण्याचा हिशेब हा विनोद वाटत नाही. एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, पानी कम पड़ा तो पहले किस का बंद करते?"

मी पंचवीस वर्षांपूर्वी बी.एड. केले. तिथे सांगितले होते की चांगला प्रश्न विचारला गेला की धडा बाजूला ठेवावा. मी धडा बाजूला ठेवला. या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वर्गाने स्वतःचा पट केला. जुन्या निवडणुकीच्या फ्लेक्सची पांढरी पाठ, तिच्यावर स्केचपेनने काढलेला लिबियाचा किनारा, आणि लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या सोंगट्या. तक्रार झाली ती या पटाविषयी.

"खेळ आहे, खेळ म्हणून घ्या"

पुण्याच्या मित्रांपासून सुरुवात करतो, कारण ते खेळ जाणतात.

मित्रांनो, तुमचा खेळ मला आवडला. खोटे कशाला बोलू? टीव्हीवर स्टुडिओत बसून जी युद्धे लढली जातात, त्यांच्यापेक्षा तो हजार पटींनी प्रामाणिक आहे. स्टुडिओतल्या रणगाड्याचे पेट्रोल कधी संपत नाही, तिथल्या शिपायाला तहान लागत नाही, आणि निवेदकाचा घसा तेवढा कोरडा पडतो. तुमच्या पटावर मात्र शहाणा सेनापतीसुद्धा पाण्याच्या टाकीमागे फरफटत जातो. हे खरे आहे. रोमेलसारखा माणूस वाळवंटात अडला तो बरेचदा पेट्रोलमुळेच. एवढे शिकवणारा खेळ वाईट म्हणता येणार नाही.

माझा आक्षेप एवढाच आहे: मोजायला बसलात तर पुरते मोजा.

तुमच्या पटावर तोब्रुक नावाचे बंदर आहे. सगळी मोहीम ज्या रसदीवर चालते, ती उतरवण्याची ही मोक्याची जागा. २० जून १९४२ च्या सकाळी रोमेलने तोब्रुकवर निर्णायक हल्ला केला. आधी विमानांनी बॉम्ब टाकले, मग तोफा, मग रणगाडे. हल्ल्यासाठी त्याने तटबंदीची आग्नेय बाजू निवडली. तिथला रणगाडे अडवणारा खंदक ठिकठिकाणी वाळूने भरला होता, आणि पूर्वी पेरलेले बरेच सुरुंग दुसरीकडे वापरायला उपसून नेलेले होते. त्या बाजूला ११ व्या भारतीय ब्रिगेडची जी पलटण उभी होती, तिचे नाव दुसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. म्हणजे जगाच्या इतिहासात 'तोब्रुकचा पाडाव' म्हणून जे प्रकरण आहे, ज्याची बातमी चर्चिलला वॉशिंग्टनमध्ये मिळाली आणि ज्याच्यामुळे रोमेल फील्ड मार्शल झाला, त्याचा पहिला घाव रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतल्या पोरांच्या अंगावर पडला. दुसऱ्या दिवशी दक्षिण आफ्रिकी सेनापती क्लॉपरने शरणागती दिली. सुमारे ३३ हजार माणसे कैदी झाली. मराठा पलटणही त्यांच्यात गेली.

तुमच्या चर्चेत मी पास्त्यावर शंभर विनोद वाचले. या पलटणीविषयी एक ओळ सापडली नाही. चर्चा करणारे पुण्याचे, मराठी बोलणारे. एकाचे आडनाव तर ज्या गावावरून पडले, ते गाव त्याच भरती-पट्ट्यातले. मी राजकारण घुसवत नाही, बाबांनो. पटावर आधीपासून उभा असलेला माणूस दाखवतो आहे.

घोड्याचे मांस

आता पाणी आणि जेवण यांच्याबद्दल. इटालियन शिपायाच्या पास्त्यावर खेळात नियम झाला. आपल्या शिपायाच्या ताटाची एक गोष्ट त्याहून मोठी आहे, आणि ती कोणी गंमत म्हणून रचलेली नाही.

ती २६ वर्षे आधीची. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, जी फौज पाठवली तिचे नाव सहावी पूना डिव्हिजन. सेनापती टाऊनशेंड. बगदादजवळ तुर्कांकडून मागे रेटली गेल्यावर ही फौज तैग्रिसच्या काठी कूत-अल-अमारा या गावात डिसेंबर १९१५ मध्ये कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. वाचकांनी इथे थोडे थांबावे. त्या काळच्या मराठा पलटणींत मराठा कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. पलटणीच्या नावात मराठा असला तरी एकाच छावणीच्या एका चुलीवर पवारांची भाकरी आणि दुसरीवर शेखांची, अशी ती फौज होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे येत नाही, आणि आपल्या जलशांतही येत नाही.

कूतमध्ये धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. हिंदुस्तानी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नकार दिला. हे मांस खाल्ले तर गावी परतल्यावर आपल्या माणसांत जागा राहणार नाही, ही भीती गोळीच्या भीतीपेक्षा मोठी होती. टाऊनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्तानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली. ती आली. उलमांची आली, पंडितांचीही आली. तरीही एप्रिलपर्यंत बहुतेकांनी तोंड लावले नाही. पिठाचा शिधा रोज घटत होता. भाजी नाही, मांस नाही, म्हणून रक्तपित्तीने हिरड्या सुजल्या, गुडघे धरले, माणसे बसल्या जागी खचली. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडले. सुमारे १३ हजार माणसे कैदी झाली, आणि त्यांतली हजारो उन्हातल्या पायपिटीत, बोगद्यांच्या आणि रेल्वेच्या कामावर, आजारात संपली.

ही गोष्ट ऐकून आजचा तरुण म्हणतो, "किती मागासलेले!" थांब बेटा. हनफी फिकहमध्ये घोड्याच्या मांसाबद्दल मतभेद जुना आहे, आणि जीव जात असेल तर हरामही हलाल होते हे मदरशातला पोरगाही सांगेल. मग त्या शिपायाने का नाही खाल्ले? कारण त्याला परवानगी देणारा धर्मगुरू तारेच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि ज्यांच्यात त्याला परत जाऊन मुलीचे लग्न जमवायचे होते ती माणसे गावात होती. त्याच्याकडून वाळवंट लढवून घेणाऱ्या सरकारला त्याच्या गावाशी बोलायला चार महिने सुचले नव्हते. पास्त्याच्या नियमात एक शहाणपण नकळत आलेले आहे: माणूस काय खातो याचा विचार न केलेली फौज कोसळते. ते शहाणपण कूतमध्ये आपल्या माणसांच्या हिरड्यांवर लिहिले गेले होते. त्यावर नियम कोणी केला नाही.

माझ्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. कमी पडले की आधी त्याचे बंद होते, ज्याच्या ताटाचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो.

"इंग्रजांचे भाडोत्री"

आता जुन्या मित्राकडे येतो. तो चांगला माणूस आहे, चहा त्याचाच पितो. त्याचा मुद्दा असा: हे शिपाई आपल्या देशासाठी लढले नाहीत, साम्राज्यासाठी लढले, आणि मुसलमान शिपाई तर खलिफाविरुद्ध लढले. त्यांची आठवण कशाला? दुसऱ्या बाजूने हाच मुद्दा उलटा घालून फॉरवर्ड येतात: मुसलमान शिपाई तुर्कांविरुद्ध लढायला कचरले, म्हणून त्यांचा भरवसा नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढे तरी दोघांनी आपसात ठरवावे.

जालन्याच्या माणसाला हा विषय परका नाही. १९१८ साली हे गाव निजामाच्या राज्यात होते. मस्तगडची गढी पहिल्या आसफजाहच्या काळात, १७२५ च्या सुमारास काबील खानाने बांधली. सातव्या निजामाच्या काळात, म्हणजे उस्मान अली खानांच्या राज्यात, तिच्या सावलीत आमचे पणजोबा राहत होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलच्या सुलतानाने जिहाद पुकारला, तेव्हा निजामाने जाहीरनामा काढून मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितले. म्हणजे आमच्या गल्लीतल्या माणसाला एका बाजूने खलिफा हाक मारत होता आणि दुसऱ्या बाजूने त्याचाच बादशहा. निजामाने स्वतःचे हैदराबाद लान्सर्स इजिप्तला पाठवले. ते सुएझवर राहिले, सिनाई ओलांडून पॅलेस्टाईनपर्यंत गेले. म्हैसूर आणि जोधपूरच्या स्वारांबरोबर त्यांची एक ब्रिगेड होती. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात १९२२ साली जे पुतळे उभे राहिले ते या तीन संस्थानांच्या स्वारांचे. तीनपैकी एक पुतळा आपल्या जुन्या राज्याचा आहे, हे जालन्यात किती जणांना ठाऊक आहे? मी स्टाफरूममध्ये विचारले. एकालाही नव्हते.

२३ सप्टेंबर १९१८ ला हैफा शहरावर जो घोडदळाचा हल्ला झाला, तो जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी केला. हैदराबादचे त्या दिवशी दुसऱ्या कामगिरीवर होते. २०१८ मध्ये चौकाच्या नावाला हैफा जोडले गेले, आणि तेव्हापासून 'हैदराबादवाले का नव्हते' यावर मोबाईलवर निवाडे होऊ लागले. चार वर्षे वाळवंटात काढलेल्या माणसाची परीक्षा त्याच्या एका दिवसाच्या हजेरीपटावरून! उलट १९१६ मध्ये बसऱ्यात १५ व्या लान्सर्सच्या मुसलमान शिपायांनी पवित्र स्थळांच्या दिशेने लढायला जायला उघड नकार दिला आणि शिक्षा भोगल्या. कूतच्या वेढ्यात तुर्कांनी पत्रके टाकून शिपायांना फुटायचे आवाहन केले. काही थोडे गेले, बहुतेक राहिले. यातला कोण निष्ठावान आणि कोण गद्दार? ज्याला आज ज्या निष्ठेचा पुरावा हवा असेल, त्याला तो यातून काढता येईल. मला काढायचा नाही.

शिपाई हा कोणाच्याही वादातला पुरावा नसतो. तो दुष्काळात जमीन गहाण पडलेला, पगाराच्या मनिऑर्डरीवर घर चालवणारा माणूस असतो. त्याच्या हातात बंदूक होती, म्हणून तो निष्पाप आहे असे मी म्हणत नाही. साम्राज्याने त्याच्याकडून दुसऱ्यांची गावे घेतली, हेही मी वर्गात सांगतो. इराकी शेतकऱ्याची सोंगटीही आमच्या पटावर आहे, आणि ती दोन्ही फौजांकडून तुडवली जाते. पण भाडोत्री म्हणून ज्याला हाकलायचे, त्याला आधी ओळखावे लागते. मित्रा, तू नाव न विचारताच निकाल दिलास.

दगडावरचा आकडा

माणसाचा आकडा करायची सुरुवात न्यूयॉर्कच्या कंपनीने केली नाही. ते काम तिच्याआधी पन्नास वर्षे दगडाने केले होते.

मेसोपोटेमियात मेलेल्या, पण ज्यांची कबर किंवा चिता सापडत नाही अशा ४० हजारांहून अधिक माणसांसाठी बसऱ्यात मोठे स्मारक उभारले गेले. सद्दाम हुसेनच्या काळात, १९९७ मध्ये, ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवले. त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत. हिंदुस्तानी अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या हिंदुस्तानी शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्यापुढे संख्या आली. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला, आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. तिकडचे कशाला? आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत वेशीवर, चावडीवर, शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके वारले. दोन आकडे. एकही नाव नाही. आपण त्या पाटीला चुना लावतो, तिच्यावर सायकल टेकवतो.

पुठ्ठ्याच्या सोंगटीवर काय असते? पलटणीचा क्रमांक आणि ताकदीचा आकडा. बसऱ्याच्या दगडात आणि अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्यात मग फरक काय उरला? एवढाच, की सोंगटी करणाऱ्याने तो खेळ आहे असे डब्यावर छापले होते.

फासा, पट आणि दीन

शेवटी समितीतल्या सदस्यांना. जनाब, तुमची चिंता मी समजतो. फासा म्हटला की जुगार आठवतो, आणि जुगार हराम आहे यात वाद नाही. शतरंजबद्दल आपल्या हनफी बुजुर्गांनी कडक भूमिका घेतली. कोकणातले आपले शाफई भाई थोडे सैल आहेत, पैसा लागू नये आणि नमाज चुकू नये या अटींवर. आमच्या वर्गात पैसा नाही. तास जोहरच्या अजानआधी संपतो. फासा तुमच्या शब्दाखातर मी काढून टाकला आहे. त्याजागी चिठ्ठ्या आहेत, आणि चिठ्ठीवर 'पाणी पोहोचले नाही' किंवा 'पत्र आले' असे लिहिलेले असते. शिकवण्यात यामुळे काहीही कमी झाले नाही. उलट बरे झाले. त्याबद्दल शुक्रिया.

पण 'मुलांना युद्ध शिकवता' हा तुमचा दुसरा शब्द मी परत करतो. युद्धाचा खेळ पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मांडला तो दोनशे वर्षांपूर्वी प्रशियात, राइसविट्झ बाप-लेकांनी, आणि तो अधिकाऱ्यांना लढाई शिकवायलाच होता. तो धोका मला माहीत आहे. म्हणून आमच्या पटाचे नियम उलटे आहेत. आमच्याकडे शत्रूच्या सोंगट्या मारल्याचे गुण मिळत नाहीत. स्वतःची किती माणसे घरी पोहोचवली याचे मिळतात. दर डावाला पाणी, पीठ आणि पत्र असे तीन रकाने भरावे लागतात. हलाल आणि झटक्याची भांडी वेगळी ठेवावी लागतात, आणि ती ठेवताना उंट एक जास्त लागतो. सोंगटी पटावरून उचलायची असेल तर उचलणाऱ्याने तिला एक नाव द्यायचे, गाव द्यायचे, आणि वहीत लिहायचे. पहिल्याच दिवशी एका मुलाने तोब्रुकमध्ये आपली अख्खी पलटण गमावली. चाळीस नावे लिहिता लिहिता तास संपला. दुसऱ्या दिवशी तो तह करायला आला.

ज्या मुलांच्या मोबाईलवर रोज कुठल्या ना कुठल्या शहरावर पडणारे बॉम्ब गाण्यासह दिसतात, त्यांना युद्ध मी शिकवायची गरज नाही, जनाब. ते शिकून आलेलेच असतात. त्यात पाण्याचा रकाना नसतो, तो मी घालतो.

वाचकांना

तर माझे तिघांना एकच उत्तर: मोजा, पण पुरते मोजा. खेळणाऱ्याने पास्त्याबरोबर भाकरीही मोजावी. इतिहास सांगणाऱ्याने निष्ठेचे गुण देण्याआधी माणसे मोजावीत. आणि मुलांचे भले इच्छिणाऱ्याने मुले घरबसल्या काय पाहतात तेही मोजावे.

एक काम तुमच्यासाठी ठेवतो. आपल्या घरांत, आजोळी, जुन्या लोखंडी पेटीत तळाशी कधी एखादा बिल्ला असतो, पेन्शनचा पिवळा कागद असतो, खाकी कपड्यातला एक फोटो असतो ज्याच्याविषयी कोणी विचारत नाही. 'परदादा बसरा गए थे' एवढेच वाक्य घरात उरलेले असते. ते वाक्य कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या पलटणीचे, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला या जुम्याला विचारा. लिहून ठेवा. मराठा घर असो, मुसलमान असो, महार, धनगर, कोणतेही असो.

आमच्या फ्लेक्सच्या पाठीवर दोन सोंगट्या अजून कोऱ्या ठेवल्या आहेत. एक ११० व्या पलटणीतल्या दख्खनी मुसलमान कंपनीची, एक हैदराबाद लान्सर्सची. नाव बनवून लिहायला मुले तयार नाहीत. त्यांना खरे हवे आहे.